नापास चित्रांचं पुस्तक

कपाटातला सगळ्यात खालचा खण माझ्या जाडजूड, आडव्या पुस्तकांचा आहे. आधी ती वर, डोळ्यांसमोर होती. फळीला पोक आल्यावर खाली उतरवली. आता त्यातलं एखादं बघायचं म्हणजे जमिनीवर बसकण मारावी लागते, आणि एकदा बसलं की तासभर उठणं नाही.

ही कन्सेप्ट आर्टची पुस्तकं. सिनेमा किंवा व्हिडिओ गेम प्रत्यक्षात घडण्याआधी त्यातलं शहर कसं दिसेल, राक्षसाला शिंगं किती, यानाचं दार कुठल्या बाजूला उघडेल, हे ठरवण्यासाठी काढलेली चित्रं. ती भिंतीवर लावायची नसतात. बैठकीत समोर ठेवायची, दिग्दर्शकाने मान हलवायची (बहुधा आडवी), की चित्रकार पुन्हा नवीन काढायला मोकळा. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तसंच यांचं.

आता परांचीचं पुस्तक कोण विकत घेतं? मी घेते. कारण पास झालेलं चित्र पडद्यावर दिसतंच. मला ओढ असते ती नापासांची. एका पानावर एकाच पात्राची वीसेक शिरस्त्राणं काढलेली असतात आणि त्यातल्या एकावर बारीकशी खूण. बाकीची एकोणीस बघताना मी दिग्दर्शकावर मनोमन रागावते. ही सातवी किती छान होती! न झालेले सगळे सिनेमे त्या पानावर शेजारी शेजारी बसलेले असतात. स्क्रीनवर हीच चित्रं एकामागून एक सरकून जातात आणि आधीचं काय होतं ते विसरायला होतं. पुस्तकात ती एकमेकांकडे बघत राहतात.

कधीकधी तर गाडी उलटीही धावते. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराचं 'नेक्रोनॉमिकॉन' हे चित्रांचं पुस्तक १९७७ साली निघालं. पटकथाकार डॅन ओबॅननने ते दिग्दर्शक रिडली स्कॉटला दाखवलं. त्यातल्या एका चित्रातलं लांबट डोक्याचं ध्यान स्कॉटच्या मनात असं बसलं, की १९७९ च्या 'एलियन'मधला प्राणी त्याच्यावरूनच घडला. म्हणजे आधी पुस्तक, मग सिनेमा.

आणि नावाचाही प्रश्न आहेच. १९४२ च्या 'बँबी'तलं ते धूसर, हळवं जंगल टायरस वाँग यांच्या चित्रांवरून आलं, पण श्रेयनामावलीत ते नुसते पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांपैकी एक. नामावली सुरू होते तेव्हा लोक चपला शोधत असतात, हे खरंच. पुस्तकात मात्र चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं, आणि पान काही आपोआप उलटत नाही.

पण नाव असलं म्हणून हक्क असतो असं नाही. स्टुडिओसाठी काढलेलं चित्र सहसा स्टुडिओचं. ज्याने काढलं त्यालाच ते छापायला परवानगी मागावी लागते, आणि काम गुप्त असेल तर दाखवायलासुद्धा. याची गंमत बघायची तर सत्तरच्या दशकात दिग्दर्शक होदोरोव्स्कीने 'ड्यून' या कादंबरीवर योजलेल्या सिनेमाची बघावी. तो सिनेमा कधी झालाच नाही. स्टुडिओंना पटवण्यासाठी मोबियस, गीगर वगैरे चित्रकारांच्या चित्रांचं एक भलंमोठं बाड मात्र तयार झालं होतं, तेही मोजक्याच प्रतींत. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्यातली एक प्रत २६ लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. घेणाऱ्या मंडळींनी बेत जाहीर केला: हे सगळ्यांना खुलं करू, यावरून अ‍ॅनिमेशन मालिका काढू. मग त्यांना लोकांनी समजावून सांगितलं, की बाबांनो, तुम्ही पुस्तक विकत घेतलंय, त्याचे हक्क नाही.

माझा एक चित्रकार मित्र या सगळ्यातून सुटला होता, कारण त्याने काढलेलं शहर कुठल्याच सिनेमाचं नव्हतं. त्याचं स्वतःचंच. वर्षानुवर्षं रात्री बसून काढलेलं. त्याचं पुस्तक करायचं ठरलं आणि पानं लावायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. ९६ पानं, १६ पानांचे सहा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा). सोपं काम वाटलं होतं.

पहिला अपमान आकड्यांनी केला. त्याची जुनी चित्रं १९२० पिक्सेल रुंदीची, स्क्रीन भरून टाकणारी. छापताना इंचाला ३०० पिक्सेल धरले की तेच चित्र जेमतेम १६ सेंटिमीटर होतं, म्हणजे पोस्टकार्डाचा थोरला भाऊ. शिवाय चित्रं सिनेमाच्या मापाची, लांबच लांब. एका पानावर घेतली तर चिंधी, दोन पानांवर पसरली तर मधला भाग शिलाईत जातो. आणि चित्रकार जीव ओतून काही काढतात ते नेमकं मधोमध! त्यातून समोरासमोरची दोन पानं बहुतेक वेळा छापखान्यात शेजारी नसतातच. ती वेगवेगळ्या जागी छापली जातात, त्यामुळे डावीकडचं आभाळ थोडं जांभळट आणि उजवीकडचं हिरवट निघू शकतं. फर्म्याच्या पोटातली मधली जोडी तेवढी एकसंध कागदाची. सहा फर्मे म्हणजे अशा सहाच जागा. त्या सहा जागांसाठी आमची जी भांडणं झाली, ती निवडणुकीच्या तिकिटांसाठीही होत नसतील. ७२-७३ ही जोडी त्याच्या लाडक्या रात्रीच्या गल्लीला मिळाली.

मग प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद दुसऱ्याचा उजेड परत करतो. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांना तो झगझगीत निळा जमतच नाही, हे मला पाठ होतं आणि मित्रालाही सांगितलं होतं. तरी त्याच्या दुकानांच्या पाट्यांचा विजेसारखा निळा शाळेच्या गणवेशाचा झालेला बघून तो बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने पान खिडकीशी नेलं.

"अगं, या गल्लीत एक म्हातारा उभा होता."

मी पाहिलं. गल्ली होती, अंधार होता, म्हातारा नव्हता. गडद जागी चारही शाया एकावर एक चढतात. त्यांची बेरीज (एकेक शाई फार तर १०० टक्के) सुमारे ३०० टक्क्यांच्या पुढे गेली की शाई नीट वाळत नाही, वर ठेवलेल्या कागदाच्या पाठीला लागते. म्हणून बेरीज उतरवावी लागते, आणि आर्टपेपरवर ठिपके थोडे पसरतातच. या दोन्हींत अंधारातले बारीक फरक बुजून जातात. तो नेमका तिथे उभा होता.

कागदाचं वजन, पार्सलमध्ये दबणारे कोपरे, कमी प्रती काढल्या तर एकेका प्रतीचा वाढणारा खर्च, हे रडगाणं सगळ्याच प्रकाशकांचं असतं. मी ते लांबवत नाही. फक्त एक हिशोब सांगते, फळीच्या बचावासाठी: ए-फोर मापाच्या २०० पानी पुस्तकात १७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम) कागद वापरला, तर पुठ्ठ्याआधीच ते एक किलोच्या वर जातं.

तर म्हातारा. मित्राने दोन रात्री बसून सावल्या उजळल्या, निळ्याचा नाद सोडून पाट्यांभोवतीचं सगळं थोडं मळकं केलं, म्हणजे त्या आपोआप चमकदार वाटाव्यात. दुसरं प्रूफ आलं. गल्ली सुरेख उतरली होती आणि ७३ व्या पानावर भिंतीला टेकून म्हातारा परतला होता. पण उजेडाबरोबर आणखी एक गोष्ट वर आली. त्याला एकच पाय होता. दुसरा कधी काढलाच नव्हता. अंधारात कोण बघतंय, म्हणून तेव्हा सोडून दिलेला.

"काढतोस का आता?" मी विचारलं. फाइल पाठवायला दोन तास होते.

त्याने पेन उचललं, झूम केलं, म्हाताऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "राहू दे," तो म्हणाला. "बिचारा इतकी वर्षं तसाच उभाय."

पुस्तक छापून आलं. ज्यांनी घेतलं त्यांच्यापैकी तिघांनी आजवर मित्राला विचारलंय, की त्या म्हाताऱ्याच्या पायाची गोष्ट काय आहे. तो दर वेळी वेगळी सांगतो.