किल्ला कुठाय?

बसमध्ये माइकवर मी दोनच गोष्टींचं कौतुक केलं होतं: किल्ला आणि पांढरी बाग. तासाभरात दोन्ही माझ्या अंगाशी आल्या.

इंग्लंडमधल्या केंटचं सिसिंगहर्स्ट कॅसल. एप्रिलचे दिवस, आणि मीही तिथं पहिल्यांदाच. (टूर मॅनेजरनं हे ग्रुपला कळू द्यायचं नसतं.) आत शिरलो तर समोर विटांचा एक उंच मनोरा आणि हिरवळ. ग्रुपमधले एक काका, जन्मभर गडकोट हिंडलेले, जागीच थांबले. "मॅडम, किल्ला कुठाय?"

मी गप्प. तिथल्या एका स्वयंसेवक आजींनी सोडवलं. मुळात हा किल्ला नव्हताच, सरदारी वाडा होता. १७५६ ते १७६३ च्या युद्धात पकडलेले फ्रेंच कैदी इथं डांबले होते. ते या जागेला 'शातो' (फ्रेंचमध्ये किल्ला किंवा मोठा वाडा) म्हणायचे, त्यावरून 'कॅसल' हे नाव चिकटलं. कैद्यांनी वाड्याची पार नासधूस केली, पुढे बराचसा भाग पाडूनच टाकण्यात आला. काका हसायलाच लागले. "म्हणजे कैद्यांनी तुरुंगाला किल्ला केलं!"

पांढऱ्या बागेत मात्र कुणी हसलं नाही. सगळी पांढऱ्या फुलांची ही बाग भरात येते जूनच्या सुमाराला. आमच्या वाट्याला आले ते हिरवे वाफे. "पांढरं काय आहे यात?" एका काकूंनी विचारलं. चूक माझीच होती. फोटो पाहिले, महिना पाहिला नाही.

मग आजींनीच 'लाइम वॉक' नावाच्या वाटेकडे हात केला. लाइम म्हणजे लिंबू नव्हे, लिंडेनची झाडं. फांद्या बांधून एका ओळीत वळवलेली. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा मुत्सद्दी नवरा हॅरल्ड निकल्सन या जोडप्यानं १९३० मध्ये ही पडकी जागा घेतली. आखणी त्याची, लागवड तिची. हा पट्टा तेवढा सर्वस्वी त्याचा, आणि तोही फक्त वसंतापुरता. कुठल्या वाफ्यात काय फुललं, काय फसलं, याच्या तो वह्या ठेवायचा. या पट्ट्याला तो 'माझं जीवितकार्य' म्हणायचा. लिंडेनला अजून धड पालवी नव्हती, त्यामुळे ऊन थेट खाली उतरत होतं: ट्यूलिप, नर्गिस, मस्कारीची निळी फुलं, आणि बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असलेली, मान खाली घातलेली फ्रिटिलरी. ती बघायला काकू चक्क गुडघ्यावर बसल्या. मी वेळ सांगायचं विसरले. माझ्या नोकरीत हा गुन्हाच.

काका तेवढ्यात मनोऱ्याच्या ७८ पायऱ्या चढून आले होते. "वरून बघा, मॅडम. भिंती आणि कुंपणं घालून एकेक खोली पाडलीय. वाडाच आहे, फक्त छप्पर नाही."

निघताना फाटकाशी दुसरी बस लागली होती. त्यातले दोघं मनोऱ्याकडे बघत इकडेतिकडे शोधत होते. काका त्यांच्याकडे वळले आणि मोडक्या इंग्रजीत फ्रेंच कैद्यांची गोष्ट सांगू लागले. आम्हाला आधीच चाळीस मिनिटं उशीर झाला होता.