धरणाचा की दर्यातला?

रात्री मांडणीवरची भांडी वाजली की सकाळी फाटकाशी कुणीतरी उभं असतंच. दूधवाला, शेजारच्या वहिनी, नाहीतर माझा जुना विद्यार्थी, जो आता रिक्षा चालवतो. प्रश्न एकच: "बाई, कालचा हादरा धरणाचा की दर्यातला?" चिपळुणात भूगोल शिकवून निवृत्त झालं की हे खातं आपोआप आपल्याकडे येतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे भांडी वाजली तर बहुतेक वेळा ते कोयनेचंच काम. १९६२ च्या सुमारास धरणात पाणी साठायला लागलं, मागोमाग बारीक हादरे सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा मोठा भूकंप झाला. पण पाणी भूकंप घडवत नाही. खालच्या जुन्या भेगा आधीच ताणलेल्या असतात. वरून पाण्याचं ओझं, आत मुरणारं पाणी, यामुळे त्या लवकर सुटतात इतकंच.

सुटतात म्हणजे काय, हे मला आमच्या सागवानी कपाटाच्या खालच्या खणाने शिकवलं. पावसाळ्यात तो फुगतो. ओढा, हलत नाही. आणखी ओढा, दंड भरून येतात, कपाट पुढे झुकतं, खण जागच्या जागी. आणि मग एकदम सुटतो. सुया, बटणं, लाइटची बिलं फरशीवर, मी भिंतीला टेकलेली. हललं ते त्या एका क्षणात, पण जोर कितीतरी आधीपासून साठत होता. भेगेच्या दोन बाजूंचा खडक असाच वर्षानुवर्षं सरकू बघतो, भेग सोडत नाही, म्हणून खडक वाकत राहतो. हो, दगड वाकतो, किंचित. भेगेची पकड सुटली की सगळी बाकी काही सेकंदांत चुकती होते. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर शेतांची सरळ कुंपणं मधेच तुटून दोन-अडीच मीटर बाजूला गेलेली सापडली. हॅरी रीड नावाच्या शास्त्रज्ञाने हे गणित तेव्हाच्या मोजणीवरूनच मांडलं.

पण खण ओढतंय कोण? त्यासाठी दर्यात उतरायला हवं.

दाभोळच्या कोळ्यांना विचारलं तर ते म्हणतात, "तळाला चिखल, दुसरं काय?" त्यांचं चुकत नाही. त्यांचा नांगर पोचतो ती पुस्तकातली 'समुद्रबूड जमीन', म्हणजे खंडाचीच पाण्याखाली गेलेली ओसरी. (मराठी पाठ्यपुस्तकांत इतका नेमका शब्द क्वचित मिळतो.) मुंबईसमोर ही ओसरी सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत, पण पाणी जेमतेम ७५ मीटर. ओसरी संपली की तळ उतरत जातो तो थेट तीन-चार हजार मीटरपर्यंत, आणि तिथे सिंधू नदीने आणलेल्या गाळाचं अफाट सपाट मैदान. ते ओलांडून आफ्रिकेच्या दिशेने गेलात तर पाण्याखाली डोंगररांग लागते, कार्ल्सबर्ग रिज. नाव बिअरवाल्यांचंच. ज्या डॅनिश मोहिमेला ती सापडली तिला पैसे कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाने दिले होते.

अशी रांग सगळ्या महासागरांतून मिळून सुमारे ६५,००० किलोमीटर पसरली आहे. तिचं मर्म पहिल्यांदा दिसलं मेरी थार्पला, १९५२ च्या सुमारास, अमेरिकेत. बायकांना तेव्हा संशोधनाच्या बोटीवर घेत नसत. पुरुषांनी मोजून आणलेले खोलीचे आकडे ती टेबलाशी बसून कागदावर उतरवायची. अटलांटिकमधल्या रांगेच्या माथ्यावर तिला दर वेळी त्याच जागी एक खोल खाच दिसे. सहकारी ब्रूस हीझेनने ते बायकी बडबड म्हणून उडवून लावलं. शेजारीच दुसरा एक जण त्याच प्रमाणाच्या नकाशावर भूकंपांचे ठिपके देत होता. दोन्ही नकाशे एकमेकांवर धरले तर ठिपके त्या खाचेतच! वर्गात हे सांगताना मी मुलींच्या बाकांकडे बघायचे, लपवत नाही.

त्या खाचेत तळ फाटतो, खालून लाव्हा येतो, नवा तळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकतो. कार्ल्सबर्गपाशी वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर. तिथले भूकंप बहुतेक मध्यम असतात, आपल्याला कळतही नाहीत. सरकत सरकत तळ थंड होतो, जड होतो आणि शेवटी गर्तेत, म्हणजे समुद्रतळाच्या खोल चरात, दुसऱ्या भूपट्टाखाली (पृथ्वीच्या कवचाच्या दुसऱ्या तुकड्याखाली) बुडतो. बुडताना मागचं सगळं ओढून नेतो. खण ओढणारा मुख्य हात हाच. म्हणूनच जमिनीवर ४०० कोटी वर्षांचे खडक सापडतात आणि महासागरांचा तळ बहुतेक सगळीकडे २० कोटींच्या आतला.

खरे राक्षसी भूकंप या गर्तांपाशी होतात. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ बाराशे किलोमीटरहून लांब भेग सुटली, तळ काही मीटर उचलला गेला आणि त्याबरोबर वरचा अख्खा समुद्र. ती त्सुनामी. आपल्या अरबी समुद्रातही असा एक काठ आहे, इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळचा, मकरानचा. १९४५ च्या नोव्हेंबरात तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी लाट मुंबईत पोचली, माणसं वाहून गेली. तेव्हा पूर्वसूचना देणारं कुणी नव्हतं. आता २००७ पासून हैदराबादचं केंद्र त्यासाठी चोवीस तास जागं असतं.

हे सगळं मी परवा रिक्षावाल्याला फाटकाशीच ऐकवलं. त्याने मीटरकडे नजर टाकत विचारलं, "म्हणजे बाई, भांडी वाजली तर धरण आणि हैदराबादहून कळवलं तर दर्या?"

"साधारण तसंच," म्हटलं, "पण किनाऱ्यावर असलास आणि पाणी एकदम मागे हटलं, तर हैदराबादची वाट बघू नकोस."