मुठीतलं रक्त

कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये आहे म्हटलं की लोक डीएनएचंच विचारतात. डीएनए सांगतो रक्त कुणाचं, पण मुळात ते माणसाचं आहे का हे आधी प्रोटीन सांगतं, आणि दोन्हीपैकी एकावरच थांबलं तर काय होऊ शकतं ते मी या केसमध्ये बघितलं.

पावसाळा होता, हार्बर लाइन रखडलेली, मी पोचले तर हवालदार मुद्देमाल घेऊन बसलेलेच. एका बाईचा खून, संशयित म्हणून मटणाच्या दुकानात कामाला असलेला पोरगा, आणि पार्सलात त्याचा सुरा. "मॅडम, तो म्हणतो बकऱ्याचं रक्त आहे, जरा लवकर बघा, साहेब मागे लागलेत."

डाग रक्ताचा असू शकतो का ते बघायची फिनॉल्फ्थॅलिनची टेस्ट लगेच गुलाबी आली. पण ती बकऱ्याच्या रक्तालाही गुलाबीच येते, त्यावरून काहीच ठरत नाही. मग अँटीसीरम. ऊलेनहूट या जर्मन डॉक्टरांनी 1901 मध्ये ही पद्धत दाखवली, सशाला एखाद्या प्राण्याचं प्रोटीन टोचलं की त्याच्या रक्तात नेमकं तेच प्रोटीन पकडणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात, आणि त्या रक्तातून काढलेलं सीरम म्हणजे अँटीसीरम. पात्यावरचा डाग बकऱ्याच्या अँटीसीरमशी जुळला, माणसाच्या नाही.

इथे थांबता आलं असतं. पण मूठ लाकडी होती आणि पातं मुठीत शिरतं त्या फटीत काळं काहीतरी सुकलेलं दिसत होतं, तिथला स्वॅब वेगळा घेतला आणि माणसाच्या हिमोग्लोबिनची स्ट्रिप लावली तर दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह. हवालदारांना कळलं तेव्हा त्यांच्या दृष्टीनं केस संपलीच होती. मी म्हटलं थांबा, माणसाचं आहे एवढंच कळलंय, कोणत्या माणसाचं ते कुठे कळलंय?

डीएनए काढताना रक्तातलं हीम, म्हणजे त्याला लाल रंग देणारा भाग, नीट धुवून टाकावं लागतं नाहीतर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, अडतो. बकऱ्याच्या डीएनएची भीती नव्हती, कारण किटचे प्रायमर, म्हणजे जिथून प्रत काढायची ती जागा धरणारे डीएनएचे छोटे तुकडे, माणसाचाच डीएनए धरतात. एसटीआर म्हणजे डीएनएतला एक छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा येतो ते मोजायचं, कुणात 6 वेळा, कुणात 9, प्रत्येक जागी एक आकडा आईकडून एक वडिलांकडून, आणि अशा वीसेक जागा जुळल्या की योगायोग म्हणायला जागा उरत नाही. पण माझी नजर आधी गेली अ‍ॅमेलोजेनिनवर. हा दाताच्या इनॅमलचं प्रोटीन बनवणारा जीन, एक्स क्रोमोसोमवरची आणि वाय क्रोमोसोमवरची प्रत वेगळ्या लांबीची, त्यामुळे ग्राफवर बाईचं एकच शिखर येतं आणि पुरुषाची दोन. इथे दोन होती. मयत बाईचा एकही वेगळा आकडा त्यात नव्हता, आणि सगळ्या जागा जुळल्या त्या पोराच्याच रक्ताच्या नमुन्याशी. सुरा चालवताना बोट कापतंच, त्याचंच रक्त फटीत मुरलेलं.

नुसत्या स्ट्रिपवर रिपोर्ट गेला असता तर त्या पोराचं काय झालं असतं, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

हवालदारांनी फोनवर विचारलं, मग आता? मी म्हटलं पोस्टमॉर्टेमला त्या बाईची नखं कापून ठेवली असतील ती पार्सलात नाहीत, ती पाठवा. आली. नखांखाली वाय क्रोमोसोमचे, म्हणजे पुरुषाचे, मार्कर मिळाले, ते त्या पोराचे नव्हते.