आमची वाटचाल : एका तांबड्या-पांढऱ्या जास्वंदीची

आमच्या नर्सरीत जास्वंदीसमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं. फूल केवढं येतं? आणि गणपतीला चालतंय न्हवं? तिसरी गोष्ट वर्षभरानं कळते, तीही फोनवर. "वैनी, ते झाड गेलं की हो पावसात."

त्या तिसऱ्या वाक्यापायी आमची दहा वर्षं गेली.

नर्सरी मूळची मामंजींची. जोतिबाच्या वाटेवर, केर्लीच्या अलीकडं बारा गुंठे, भोवतीनं सगळा ऊस. त्यांनी १९९२ साली वांगी, मिरची, कोबीची रोपं काढायला सुरुवात केली आणि मी लग्न होऊन आले तेव्हाही तेच चाललं होतं. शोभेची झाडं ही माझी भर. "जे खाता येत नाही ते लोक पैसे देऊन कशाला नेतील?" असं मामंजी म्हणायचे. मग कोल्हापुरात अपार्टमेंट वाढल्या, बाल्कन्या आल्या, आणि त्यांनी तो विषय सोडला.

२०१० च्या आसपास आमच्याकडं पुण्याहून, बेंगळुरूहून हायब्रीड जास्वंदी यायला लागल्या. ताटलीएवढं फूल, पिवळ्यात लाल डोळा, जांभळट राखाडी, नाही नाही ते रंग. टेम्पो रिकामा व्हायच्या आत निम्मी रोपं संपायची. पण ह्या नखरेल जातींची स्वतःची मुळं बहुतेक नाजूक. काडी लावून केलेली स्वस्तातली रोपं आमच्या पावसात मुळापासून कुजायची. जूनला लागलेला पाऊस इथं सप्टेंबरपर्यंत कुंडी वाळू देत नाही. महागातली असायची कलमं, म्हणजे खाली देशी लाल जास्वंदीचं खुंट आणि वर हायब्रीडची काडी. ती तगायची, पण पावसात वरची काडी शेंड्याकडून काळी पडत खाली यायची आणि खुंटाला देशीचे फुटवे जोरात निघायचे.

एक निवृत्त मास्तर दोन वर्षांनी भांडायला आले. पिवळी म्हणून दिलीत, झाड लाल फुलतंय. मी त्यांना खुंट, काडी, फुटवा सगळं नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही लालच विकली होती." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "आपल्या मुळावर उभी राहील अशी जास्वंद आपणच करू." हे बीएस्सी ॲग्री आहेत. डिग्रीचा घरात झालेला तो पहिला उपयोग.

जास्वंदीच्या फुलातून जी दांडी बाहेर येते ती जरा जवळून बघा. अंगावर पिवळे परागाचे कण आणि अगदी शेंड्याला पाच मखमली टिकल्या. कण नराचे, टिकल्या मादीच्या. दोन्ही एकाच दांडीवर, बोटभर अंतरात. आईचं झाड ठरवायचं, उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरून तिला जाळीची पिशवी घालायची. सकाळी फूल उघडलं की पराग सुटायच्या आत छोट्या कात्रीनं ते कण छाटून टाकायचे. मग नऊ-साडेनऊला बापाच्या झाडाचं फूल तोडून आणायचं आणि त्याची दांडी ह्या पाच टिकल्यांवर फिरवायची. टिकल्या पिवळ्या झाल्या की देठाला दोरा बांधायचा. एवढंच. एका फुलाला पाच मिनिटं लागत नाहीत.

पुढं मात्र सगळं झाडाच्या मर्जीवर. बहुतेक देठ चार-पाच दिवसांत पिवळे पडून गळतात. एखादा हिरवा राहिला आणि तळाशी गाठ फुगली तर बोंड धरलं समजायचं. ते पिकायला दोन-तीन महिने. करडं होऊन तडकायच्या आधी त्याला मलमलीचं फडकं बांधलं नाही तर बी कुंड्यांच्या फटीत सांडतं आणि मुंग्यांचं होतं. हंगामही तोकडा. पावसात पराग भिजतो, होळीनंतरच्या उन्हात तो मरतो. दिवाळी ते महाशिवरात्र एवढाच आमचा काळ.

२०१४ च्या हिवाळ्यात आम्ही तीनशेच्या वर फुलं बांधली. बोंडं हाताला लागली अकरा. ज्या देशी लालवर आमचा सगळा भरवसा होता तिनं एकही धरलं नाही. नंतर ह्यांनी वाचून काढलं तेव्हा कारण उमगलं. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये जिला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचं नाव दिलं ती ही जास्वंद रानात कुठंच सापडत नाही. ती माणसानंच शतकानुशतकं संकर करत आणि काड्या लावत आणलेली. त्यामुळं क्रोमोसोमची संख्या जातीगणिक वेगळी आणि पुष्कळ जाती बी धरणंच विसरलेल्या. अकरा बोंडं आली ती सगळी एकाच आईची. माझ्या माहेरी गडहिंग्लजला विहिरीमागं एक जुनं, फिकट केशरी, एकेरी फुलांचं झुडूप होतं. त्याला ना कुणी पाणी घालायचं, ना छाटायचं. त्याची काडी मी सहज म्हणून आणली होती.

बियाला नेलकटरनं जरा साल उडवायची, रात्रभर भिजवायचं आणि कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुश्यात, टाकायचं. आठवड्यात कोंब येतो. पण फूल बघायला वर्ष-दीड वर्ष. आमच्याकडं कामाला असलेल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "एवढ्यात म्हस व्याली असती." आणि एका बोंडातल्या दहा बियांची फुलं दहा तऱ्हांची. म्हणूनच "वैनी, ह्याचं बी द्या की" म्हणणाऱ्याला मी नाही म्हणते. बियातून तीच जास्वंद येत नाही. काडीतून येते.

२०१६ च्या उन्हाळ्यात एक मोठा मूर्खपणा केला. रोपांच्या नावाच्या सगळ्या पट्ट्या 'परमनंट' लिहिलेल्या मार्करनं लिहिल्या होत्या. मे महिन्यात बघतो तर प्लास्टिक पांढरंफटक. कोण कुणाचं पोर, काही ठाऊक नाही. तेव्हापासून कोल्ड्रिंकचे रिकामे डबे कापून पट्ट्या करतो आणि त्यावर शिसपेन्सिलीनं दाबून लिहितो. शिसं उडालं तरी ओरखडा राहतो.

निवडीचा नियम मी घातला. रोपाला एक आख्खा पावसाळा उघड्यावर ठेवायचं. सावलीची जाळी म्हणजे शेडनेट नाही, फवारणी नाही, पिठ्या ढेकूण लागला तर लागू दे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जे उभं असेल त्याचंच फूल बघायचं. ह्यांचं उलटं होतं. त्यांना फूल बघितलं की भूल पडायची. एका वर्षी चार कुंड्या मला पाण्याच्या टाकीमागं शेडनेटखाली सापडल्या. त्यातली एक खरोखर देखणी होती, दुधी पाकळ्यांना अबोली कड. मी ती बाहेर आणून ठेवली. ऑगस्टमध्ये गेली. आठ दिवस आमच्यात बोलणं नव्हतं.

मग २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरकर पूर फुटात मोजतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या वर गेली. रस्ता बंद, वीज नाही. आम्ही जनावरं आणि मामंजींना घेऊन पाहुण्यांकडं गेलो. परत आलो तेव्हा शेडनेट उसात लटकत होतं आणि पाच वर्षांची रोपं चिखलाखाली. हे काही न बोलता कुंड्या उलट्या करत होते. पाणी बरेच दिवस मुळाशी राहूनही तीन रोपं हिरवी निघाली. तिन्हींची फुलं अगदी सामान्य, फेकायच्या रांगेतली. केवळ आळसानं ती अजून फेकली नव्हती.

त्या तिघांतल्या एकीला आम्ही आई केलं. दिवाळीनंतर तिच्यावर पुण्याच्या एका मोठ्या लाल हायब्रीडचा पराग धरला. बी पेरलं आणि पंधरा दिवसांत लॉकडाऊन लागला. गिऱ्हाईक बंद, त्यामुळं त्या ट्रेमधल्या रोपांनी बघितले तसे लाड आमच्या दुसऱ्या कुठल्याच रोपांनी बघितले नाहीत. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा कुंड्या आधीच स्लॅबवर नेल्या. तिथंच, भर पावसात, त्रेचाळीस नंबरच्या रोपाचं पहिलं फूल उमललं. तांबडं, कडेला गुलालाची झाक, आणि गळ्याशी पांढरं स्वच्छ कडं. आकार तळहाताएवढा, फार नाही. ह्यांनी वहीत लिहिलं, "ठीक."

तिला निवडलं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्या रोज स्लॅबवरची फुलं देवाला घालायच्या. एक दिवस सकाळी देवघरातून हाक आली, "हे कालचं फूल मिटलंच नाही गं." साधी जास्वंद संध्याकाळी मिटते. त्रेचाळीस नंबरची थंड हवेत दुसऱ्या दुपारपर्यंत उघडी राहत होती. उन्हाळ्यात नाही राहत, हे आधीच सांगते. वैशाखात फूल लहान येतं आणि गुलाल उडून नुसतं विटकरी होतं. पण गणपतीच्या दिवसांत राहते, आणि आमच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं.

तरी दोन वर्षं विकली नाही. काड्यांपासून रोपं केली आणि पाहुण्यारावळ्यांत वाटली. एक माहेरी, एक रत्नागिरीला नणंदेकडं खाऱ्या वाऱ्यात, एक सांगलीला. सगळीकडं फूल तेच आलं, मुळं धरली, कलमाची गरज लागली नाही. एका काडीवर अचानक नुसती लाल फुलं आली, ती मोडून टाकली.

नावावरून घरात नाटक झालं. मुलगा म्हणाला, तांबडं आहे, पांढरं आहे, कोल्हापूरचं आहे, नाव ठेवा 'तांबडा-पांढरा'. आत्याबाई भडकल्या. "गणपतीच्या डोक्यावर मटणाचा रस्सा ठेवायचा व्हय?" शेवटी जोतिबाची वाट दारातून जाते म्हणून 'चांगभलं' ठरलं. पट्टीवर तेच छापतो. पण कामगार आजही आवाज देतात, "वैनी, रश्श्याची दहा रोपं गाडीत चढवू का?"

२०२३ च्या गणपतीला पहिली विक्री केली. शंभर रोपं, चार दिवसांत संपली. लोक खूश, आम्ही खूश. कायद्याची आठवण झाली २०२४ च्या दिवाळीनंतर. देशात २००१ चा कायदा आहे, वनस्पती वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क. वाण नवा हवा, वेगळा ओळखू यावा, सगळी रोपं एकसारखी निघावीत आणि पुढंही तशीच राहावीत. शिवाय ज्या पिकांची अधिसूचना निघाली आहे त्यांनाच नवा वाण म्हणून अर्ज करता येतो. ह्यांनी कागद वाचायला घेतले आणि पहिल्याच अटीवर थांबले. अर्जाच्या आधी वर्षभरापेक्षा जास्त काळ देशात विक्री झाली असेल तर वाण नवा धरत नाहीत. आम्ही तोवर चौदा महिने विकत होतो. पुढच्या अटी वाचायचं कारणच उरलं नाही. जगभरच्या जास्वंदींच्या नावांची नोंद ऑस्ट्रेलियातली हिबिस्कस सोसायटी ठेवते, तिथं नाव घालता येतं. पण त्यानं नाव आपलं होतं, झाड नाही. कुणी ही धंद्याची गोष्ट करणार असेल तर एवढं एक लक्षात ठेवा: आधी अर्ज, मग पेढे.

तशी चोरीची भीती होतीच. जास्वंदीची काडी खिशात मावते. रविवारी गर्दीत झाड बघायच्या निमित्तानं कुणी शेंडा मोडला तर मी काय करणार? गेल्या पावसाळ्यात एक ओळखीचे काका सांगत आले की हायवेच्या एका मोठ्या नर्सरीत आपल्यासारखीच जास्वंद आहे, इंग्रजी नाव लावलंय. हे तावातावानं गेले आणि अडीचशे रुपये मोजून रोप घेऊन आले. आम्ही एकशे ऐंशीला देतो.

फूल येईपर्यंत वाट बघितली. पांढरं कडं, गुलालाची झाक, दुसऱ्या दुपारपर्यंत उघडं. आमचीच.

हे दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते रोप पिशवीतून काढून मुळं निरखत बसलेले. मुळं पांढरी, दाट, एकही काळं टोक नाही. मातीत भाताचं जळकं तूस मिसळलेलं होतं, पाणी झरझर निघून जावं म्हणून. आम्ही ते कधी वापरलं नव्हतं. हे म्हणाले, "भाताच्या गिरणीवाल्याला फोन लाव, दोन पोती तूस मागव."