फिरती रिंग आणि गोळी : नोंद चौथी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की गोळी वर चढते, पण वीसपैकी वीस वेळा लाल बाजूलाच. गेले तीन आठवडे मी या एकाच गोष्टीच्या मागे होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी सांगतो. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी गोल वाकवून उभी रिंग केली आहे. त्रिज्या १० सेंमी. आत बेअरिंगमधली ६ मिमीची स्टीलची गोळी आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. रिंग वर गिअर मोटरला टांगलेली, खाली बेअरिंगमध्ये टेकलेली, म्हणजे ती उभ्या अक्षाभोवती फिरते. फिरत्या वस्तूला डावं-उजवं नसतं, म्हणून अर्ध्या भागाला लाल टेप लावली, उरलेला अर्धा कोरा ठेवला. तळापासून दर ५ अंशांवर खूण. कोन मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओवरून वाचतो.

वेग कमी असताना गोळी तळाशीच बसते. कोनीय वेगाचा वर्ग g/R च्या (गुरुत्वीय त्वरण भागिले रिंगची त्रिज्या) पुढे गेला की तळ अस्थिर होतो आणि दोन्ही बाजूंना एकसारख्या दोन नव्या जागा तयार होतात. माझ्या रिंगसाठी हा उंबरठा मिनिटाला साधारण ९४.५ फेऱ्यांचा. समीकरण दोन्ही बाजूंना सारखंच वागवतं, गोळीला मात्र एकच बाजू घ्यावी लागते. उत्स्फूर्त सममितीभंग म्हणतात तो हाच. उंबरठ्यापुढची चढण फार वेगाने होते : ९७ फेऱ्यांना गणिताने १८ अंश, ११० ला ४२.

आता लाल बाजूचा पक्षपात. आधी टेबल तिरकं असेल असं वाटलं. स्पिरिट लेव्हल लावून पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, फरक शून्य. मग अख्खा स्टँड १८० अंशांत फिरवून ठेवला. तरीही लालच. तेव्हा उलगडलं : टेबलाचा कल खोलीशी बांधलेला असतो, रिंगशी नाही. दर अर्ध्या फेरीला तो बाजू बदलतो, त्यामुळे गोळी फार तर थरथरते. कायमचा पक्षपात करणारा दोष रिंगबरोबरच फिरत असला पाहिजे.

रिंगजवळ एक सुई उभी केली आणि रिंग हाताने फिरवली. लाल बाजू सुईपासून ४ मिमीवरून गेली, कोरी ६ मिमीवरून. म्हणजे रिंगचं केंद्र अक्षापासून १ मिमी लाल बाजूला सरकलेलं. त्रिज्येच्या जेमतेम एक टक्का!

हा एक टक्का काय करतो ते कागदावर मांडलं आणि थक्क झालो. ऐन उंबरठ्यावर कोन सरकण्याच्या घनमुळाप्रमाणे वाढतो. १ मिमीला उत्तर येतं सुमारे १५ अंश. माझ्या व्हिडिओतही गोळी ८५ फेऱ्यांपासूनच लाल बाजूला रेंगाळताना दिसत होती, आणि मी ते घर्षणावर ढकललं होतं. चुंबकाच्या भाषेत सांगायचं तर केंद्राचं हे सरकणं म्हणजे बाहेरचं क्षीण चुंबकक्षेत्र. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या क्यूरी तापमानाखाली येताना अणूंची चुंबकं एका दिशेला वळतात. कोणत्या, ते लोखंडाचे नियम सांगत नाहीत. पण जवळ नुसतं क्षीण क्षेत्र असलं तरी निवड आधीच ठरते, आणि बदलाची तीक्ष्ण कडही बोथट होते.

मोटरची क्लॅम्प सैल करून, कागदाच्या घड्या घालून केंद्र ०.२ मिमीपर्यंत आणलं. दोष पाचपट कमी झाला, पण घनमुळामुळे उंबरठ्यावरचा कोन १५ वरून ९ पर्यंतच उतरला. वीस प्रयत्नांत तेरा वेळा लाल, सात वेळा कोरी. या सातांचा मला फार आनंद झाला.

दुरुस्तीआधी केलेला एक प्रयोग मात्र सगळ्यांनी करून बघावा असा आहे. रिंग तिरकी धरून गोळी कोऱ्या बाजूला ठेवली, मोटर एकदम १२० वर नेली. गोळी कोऱ्या बाजूलाच, ५० अंशांच्या आसपास, निवांत. मग वेग अगदी हळू उतरवत नेला. ९८ च्या सुमारास गोळी १२-१३ अंशांपर्यंत खाली आली, क्षणभर थांबली, आणि तळ ओलांडून थेट लाल बाजूला गेली. उलट क्षेत्रात चुंबक पलटतो तो क्षण डोळ्यांसमोर घडला. मी तो व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला.

एक सावधगिरी. उंबरठ्यापुढे कोन वर्गमुळाप्रमाणे वाढतो. भौतिकशास्त्रज्ञ लांदाऊने १९३७मध्ये अशा उंबरठ्यावरच्या बदलांसाठी मांडलेल्या सिद्धांतातला घातांक अर्धा, तो हाच. पण निकेलमध्ये चुंबकत्वाच्या वाढीचा मोजलेला घातांक ०.३८ च्या आसपास आहे. खऱ्या चुंबकात प्रत्येक अणूचे शेजारी सतत चुळबुळत असतात आणि ती चुळबुळ लांदाऊच्या सरासरीत हरवते. माझ्या गोळीला शेजारीच नाही, म्हणून तिला लांदाऊ लागू पडतो. या रिंगवरून लोखंडाचे आकडे काढायला जाऊ नका.

उंबरठ्याजवळ गोळी स्थिरावायला फार वेळ घेते. ९६ ला मी दोन मिनिटं थांबत होतो, तरी ती सरकतच होती. त्या वेळेचा आलेख पुढच्या नोंदीत देईन. कागदाच्या घड्या काढून तिथे ॲक्रिलिकची चकती चिकटवली आहे. चिकटा उद्या सकाळपर्यंत वाळेल.