टोपीत न मावणारे केस

टॉप्स कंपनीच्या १९७६ सालच्या संचातील ऑस्कर गॅम्बल या अमेरिकन खेळाडूचे बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूचे छायाचित्र छापलेले संग्राह्य कार्ड, कितीही वेळा पाहिले तरी मला हसू आवरत नाही, आणि त्या हसण्यात निखळ कौतुक असते. कुरळ्या केसांचा भलामोठा घेर टोपीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, कान पूर्ण झाकलेले आणि टोपी त्या डोलाऱ्यावर कशीबशी टेकलेली. टोपीवरचे न्यूयॉर्क यांकीज या त्याच्या नव्या संघाचे बोधचिन्ह तर चक्क रंगवलेले आहे, कारण मूळ छायाचित्र क्लीव्हलँड संघाच्या गणवेशातले होते आणि खेळाडूने संघ बदलला की असे फेरफार त्या काळी चित्रकार हातानेच करत. यांकीजच्या कडक शिस्तीपायी गॅम्बलला केस कापावे लागले, त्यामुळे त्या गणवेशातला हा अवतार केवळ कार्डावरच उरला. म्हणूनच मला ते जिवापाड आवडते.

टॉप्सच्या कार्डांवर अशा गमती आणखीही आहेत. १९५७ सालच्या कार्डावर निगेटिव्ह उलटी छापली गेल्याने उजव्या हाताने खेळणारा हँक ॲरन डावखुरा दिसतो. १९५९ साली मात्र लू बर्डेट या उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या पिचरने मुद्दाम डावखुऱ्याची पोझ दिली आणि ते कार्ड तसेच छापले गेले.