बांध नसलेलं शिवार

नेवार्कला रेल्वेतून उतरून टॅक्सीने इंग्लंडमधलं लॅक्स्टन हे खेडं गाठलं. डिसेंबरची सुरुवात, गव्हाचं रोप नुकतंच वर आलेलं. इतके दिवस इंग्लंडभर झुडपांची कुंपणंच पाहत होते. इथे उतारावर एकच सलग शिवार, त्यात कितीतरी जणांच्या पट्ट्या, आणि मध्ये बांध नाही!

शिवाराचे तीन भाग आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी बदलते. मध्ययुगात एकेका कुळाच्या पट्ट्या तिन्ही भागांत विखुरलेल्या असत, म्हणजे कुणाच्या वाट्याला नुसती हलकी जमीन येत नसे. 1635 चा गावाचा नकाशाही शिल्लक आहे, त्यात पट्टी न् पट्टी काढलेली.

मग गावाच्या उत्तरेला किल्ल्याच्या टेकाडावर चढले. आता तिथे नुसतं गवत आहे. 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मंडीच्या विल्यमने जमिनी आपल्या सरदारांना वाटल्या. 1086 च्या डोम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, लॅक्स्टन जेफ्री आल्सेलिन या सरदाराकडे आहे. आधीचा मालक तोची, त्याचं नाव उरलं ते 'पूर्वीचा' म्हणून. जमिनीच्या बदल्यात सरदाराने राजाला घोडेस्वार द्यायचे. आणि त्यांना पोसायचं खालच्या पट्ट्यांवरच्या माणसांनी. त्या काळी इंग्लंडमधल्या बांधील कुळाला आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतात वेठ असे, सुगीत आणखी जास्त. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे मोजायचे. घरचा कर्ता गेला की गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर मालकाकडे जायचं. परवानगीशिवाय गावही सोडता येत नसे. दुःखातल्या घरातून बैल सोडून नेणारा तो माणूस काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

वेठ गेली, पण जहागिरीची न्यायसभा, कोर्ट लीट, इथे अजून भरते. नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच गव्हाचं शिवार पायी फिरतात. कुणी नांगर वाटेत किंवा सामाईक गवताच्या पट्टीत घुसवला असेल, तर हद्दीवर खुंट्या ठोकतात. पुढच्या आठवड्यात सभेत दंड होतो. आपल्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. माझ्या आजोबांचा दीड हाताच्या बांधाचा खटला त्यांच्या हयातीत संपला नाही, म्हणून मी त्या खुंट्या फार वेळ बघत राहिले. ताज्या होत्या, भोवतीची माती अजून ओली होती.